बिल वॉल्टन कुणाचा? एका चाहता-गटाच्या स्मरणसंध्येचं प्रकरण

बिल वॉल्टन हा अमेरिकेचा नामवंत बास्केटबॉलपटू, पुढे टीव्हीवरचा समालोचक. हे प्रकरण त्याच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या चाहता-गटाचं आहे. माणसांची नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. वॉल्टनबद्दल जे आलं आहे ते मात्र सगळं जाहीर आहे. गटाच्या बोलण्याची टिपणं माझ्याकडे होती, त्यामुळे लिहिण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

पार्श्वभूमी

२७ मे २०२४ हा सोमवार होता, मेमोरियल डेच्या सुट्टीचा. त्या दिवशी बिल वॉल्टन गेल्याची बातमी आली. वय ७१, मोठ्या आतड्याचा कर्करोग. आजाराची वाच्यता त्याने फारशी होऊ दिली नव्हती, म्हणून धक्का मोठा होता. आमच्या गटात दिवसभर एकमेकांना फोन चालू होते आणि प्रत्येक जण वेगळ्याच वॉल्टनबद्दल बोलत होता. पुढचा सगळा घोळ तिथेच सुरू झाला होता, फक्त तेव्हा तो कुणाला दिसला नाही.

गट म्हणजे हिवाळ्यात पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमून यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे बास्केटबॉल सामने बघणारी पंचवीस-तीस माणसं. काही तिथले माजी विद्यार्थी, काही त्यांचे शेजारी, आणि आमच्यासारखी दोन मराठी कुटुंबं. एम.एस.च्या काळात विद्यार्थी-तिकिटावर तिथल्या पॉली पॅव्हिलियन या बंदिस्त मैदानात बसायची सवय लागली ती आम्हाला सुटलेली नाही. वयाचा फरक भरपूर. सर्वांत थोरले सभासद सत्तरी ओलांडलेले, तर धाकटे नुकतेच नोकरीला लागलेले.

थोरल्यांनी वॉल्टनला खेळताना पाहिलं होतं. सॅन डिएगोजवळच्या ला मेसाचा हा मुलगा यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघात सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून आला आणि १९७२ व १९७३ या दोन्ही मोसमांत यूसीएलए ३० पैकी ३० सामने जिंकलं. सलग ८८ विजयांची ती प्रसिद्ध मालिका त्याच काळातली. ती १९ जानेवारी १९७४ ला नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध ७१–७० अशी संपली. शेवटच्या साडेतीन मिनिटांत यूसीएलए ११ गुणांनी पुढे होतं आणि समोरच्यांनी लागोपाठ १२ गुण केले. आमच्यातल्या एका निवृत्त शालेय प्रशिक्षकांना तो शेवट अजून पचलेला नाही.

धाकट्यांचा वॉल्टन वेगळा. तो रात्री उशिरा, पॅक-१२ या पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या सामन्यांत, टाय-डायचा (कापड बांधून रंगवलेला, रंगीबेरंगी) टी-शर्ट घालून समालोचन करणारा म्हातारा. ग्रेटफुल डेड या बँडचे आठशेहून अधिक कार्यक्रम ऐकलेला. पाच मिनिटं शिल्लक असताना ज्वालामुखी, नद्या नाहीतर सायकलवर बोलू लागणारा, आणि आपल्या संघटनेला न थकता ‘कॉन्फरन्स ऑफ चँपियन्स’ म्हणणारा. त्याचा सहकारी डेव्ह पॅश बिचारा स्कोअर सांगायला मधे शिरायचा.

अडचण

ऑगस्टमध्ये पहिली बैठक झाली. त्याच महिन्याच्या २ तारखेला यूसीएलए पॅक-१२ सोडून बिग टेन या दुसऱ्या संघटनेत गेलं होतं. एकूण दहा विद्यापीठं बाहेर पडली आणि मागे दोनच उरली. यूसीएलएने जाऊ नये असं वॉल्टन उघडपणे म्हणत आला होता. तो गेला आणि दोन महिन्यांत त्याची संघटनाही विस्कटली. त्यामुळे त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं यावर एकमत होतं, पण काय करायचं यावर नव्हतं.

धाकट्यांनी आधीच टी-शर्टांची मागणी नोंदवून टाकली होती. त्यांना वॉल्टनच्या बोलण्याची नक्कल करायची स्पर्धा हवी होती, गाणी हवी होती. प्रशिक्षक काका (सगळ्यांचेच ते ‘कोच’, आमच्या मुलांचे मात्र काका) भडकले. त्यांचं म्हणणं असं: या माणसाने १९७३ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ पैकी २१ फटके बास्केटमध्ये घातले, ४४ गुण केले, तेही महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये डंक मारायला, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबायला, बंदी असताना. त्याचं सोंग काढून तुम्ही त्याला निरोप देणार?

आकडे खरे आहेत. १९६७ ते १९७६ डंकवर बंदीच होती. मध्यंतराला ३९–३९ अशी बरोबरी होती आणि शेवट ८७–६६. संघातल्या ग्रेग लीने १४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) दिले, त्यातले बरेचसे उंचावरून टाकलेले पास, जे वॉल्टन हवेतच घेऊन अलगद आत सोडत होता. धाकट्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं. पण धाकट्यांचंही काही चुकत नव्हतं. वॉल्टनने ते टी-शर्ट कुणाच्या आग्रहाने घातले नव्हते. ते रंग त्याचेच होते.

तिसरी बाजू अनपेक्षितपणे पुढे आली. गटातले एक हिशेबतपासनीस गृहस्थ म्हणाले, “मला खेळाडू आवडायचा. समालोचक लागला की मी आवाज बंद करायचो.” क्षणभर कुणी बोललं नाही. मग आणखी दोघांनी हळूच माना डोलावल्या.

आपल्याकडच्या शोकसभेत असं कुणी बोलत नाही. तिथे हार घातलेला फोटो असतो, दोन मिनिटं स्तब्धता असते आणि गेलेल्या माणसाला एकही दोष नसतो. मला स्वतःला त्या साच्याचा कंटाळा आहे, म्हणून त्या गृहस्थांचं बोलणं मी टिपणात जसंच्या तसं लिहून ठेवलं. नंतर ते कामी आलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता वाचनालयाच्या सभागृहात सभा घेऊन १९७३ चा अंतिम सामना पडद्यावर दाखवायचा. थोरल्यांना तो फार पसंत होता. पण जागेची चौकशी करताच व्यवस्थापनाने विचारलं, जाहीरपणे दाखवण्याचे हक्क कुणाकडून घेतले आहेत? जुन्या सामन्यांचं चित्रीकरण इंटरनेटवर सहज सापडतं, म्हणून ते चारचौघांत दाखवायलाही मोकळं आहे असं धरून चालता येत नाही. परवानगीसाठी कुणाला लिहायचं हेच कळायला वेळ लागला असता, आणि खर्च किती याचा अंदाज कुणालाच नव्हता. पर्याय मागे पडला.

दुसरा, उद्यानात टाय-डायची सहल. सोपा, स्वस्त, मुलाबाळांना आवडेल असा. कोच आले नसते, आणि त्यांच्यासोबत सत्तरच्या दशकाची निम्मी आठवणही घरी राहिली असती.

तिसरा पर्याय फक्त निधी गोळा करायचा. वॉल्टन लहानपणापासून बोलताना अडखळत असे आणि त्याबद्दल पुढे त्याने खूप काम केलं, तेव्हा अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे पाठवावेत. याला विरोध कुणाचाच नव्हता, पण एवढ्यावर कुणाचं समाधानही होईना.

चौथा पर्याय एका धाकट्या मुलीने सुचवला. नव्या मोसमातला सुरुवातीचा एखादा सामना नेहमीसारखा घरी बघायचा. पूर्वार्ध आवाजासकट. मध्यंतरात थोडं बोलायचं. उत्तरार्धात टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि जमलेल्यांनी पाळीपाळीने समालोचन करायचं. नक्कल करायची त्याने नक्कल करावी, खेळ समजावायचा त्याने खेळ समजावावा, ज्याला वॉल्टन आवडत नव्हता त्याने तसं सांगावं.

हाच पर्याय ठरला. माझ्या मते तो एकमेव असा होता ज्यात कुणाला आपला वॉल्टन सोडून द्यावा लागत नव्हता. एक किंमत मात्र होती. मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, म्हणजे मृत्यूनंतर जवळपास सहा महिन्यांनी. ती किंमत किती आहे याचा विचार त्या बैठकीत झाला नाही.

निर्णयाची अवघड जागा: अडखळण्याचा विषय

मध्यंतराच्या दहा-बारा मिनिटांत काय बोलायचं याची यादी संयोजकाने केली. तीत एक ओळ होती: “अडखळण्यावर मात – बोलणार” आणि पुढे आमच्यातल्या एका सभासदाचं नाव. हा सभासद चाळिशीचा, स्वतः बोलताना अडखळणारा, गटात फारसा न बोलणारा पण बचावाची मांडणी सर्वांत आधी ओळखणारा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. यादी सगळ्यांना गेली आणि त्याने ती इतरांबरोबरच वाचली.

त्याने एका ओळीत नकार कळवला. पुढे फोनवर संयोजकाला म्हणाला, “तुम्हाला वॉल्टनबद्दल बोलायचंय की माझ्याबद्दल?”

संयोजकापुढे तेव्हा दोन सोपे रस्ते होते. माफी मागून विषयच गाळायचा, किंवा त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणालातरी बोलायला सांगायचं. विषय गाळला असता तर खेळाडू वॉल्टन आणि समालोचक वॉल्टन यांना जोडणारा धागाच गेला असता. हे कसं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गटातही ते बहुतेकांना माहीत नव्हतं.

यूसीएलएमध्ये असताना वॉल्टन पत्रकारांना टाळतो अशी त्याची ख्याती होती. लोकांना तो तुसडा वाटे. त्यामागे त्याचं अडखळणं मोठ्या प्रमाणात होतं. मैदानावर जो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू होता, त्याला अनोळखी माणसाशी साधं वाक्य पुरं करणं कठीण जाई. वयाच्या २८ व्या वर्षी त्याची गाठ मार्टी ग्लिकमन या न्यूयॉर्कच्या नामवंत समालोचकाशी पडली. हे ग्लिकमन म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ज्या दोन ज्यू धावपटूंना ऐनवेळी रिले संघातून वगळलं गेलं त्यांच्यातले एक. त्यांनी वॉल्टनला साधे उपाय सांगितले: हळू बोल, मोठ्याने वाच, च्युइंग गम चघळून जबड्याला व्यायाम दे, आणि खेळाचा सराव करतोस तसा बोलण्याचा कर. वॉल्टन पुढे गमतीने सांगायचा की बोलायला शिकणं हे माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं यश, आणि तुम्हा सगळ्यांसाठी दुःस्वप्न.

तोवर पायांनी दगा दिला होता. १९७७ ला पोर्टलंडला एनबीए या व्यावसायिक लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, १९७८ ला सर्वोत्तम खेळाडू ठरला, १९८६ ला बोस्टनकडून पुन्हा विजेता. पण या सगळ्या काळात नियमित मोसमातले सामने फक्त ४६८. पावलं वारंवार मोडत होती, अखंड मोसम बाकावर गेले, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शरीर थांबलं तेव्हा हातात उरलं ते जेमतेम कमावलेलं बोलणं. त्यावर त्याने दुसरा व्यवसाय उभा केला. पुढे पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तो जमिनीला खिळला, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत वेळ आली, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. २००९ च्या शस्त्रक्रियेनंतर तो सावरला आणि २०१२ पासून पॅक-१२ च्या सामन्यांना बसू लागला. धाकट्यांना ज्याचं वेड होतं, प्रत्येक गोष्टीवर लट्टू होणारा तो वॉल्टन, तो या दुखण्यातून उठलेला माणूस होता.

संयोजकाने शेवटी तिसरा रस्ता काढला. त्या सभासदाला विचारलं, की तू बोलू नकोस, आमच्यात उभाही राहू नकोस, पण आम्ही जे वाचणार आहोत ते तपासशील का? त्याने होकार दिला आणि मजकुरात बऱ्याच खुणा केल्या. सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती ‘मात’ या शब्दाची. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वॉल्टन बरा झाला नव्हता, तो रोज सराव करत होता, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. “धैर्याने झुंज दिली” हे वाक्य त्याने काटलंच. त्याऐवजी ग्लिकमन यांचे उपाय लिहा म्हणाला, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तो कागद मध्यंतरात कोचनी वाचायचा असं ठरलं.

प्रत्यक्षात काय झालं

सामना घरच्या मैदानावरचा होता, फार चुरशीचा नव्हता. हे बरंच झालं. लोकांचं अर्धं लक्ष एकमेकांकडे राहिलं.

मध्यंतरात कोचनी कागद वाचला आणि मग ठरलेलं नसताना सोफ्यावरची उशी उचलली. वॉल्टनचा आऊटलेट पास त्यांना दाखवायचा होता. बचावातला रिबाउंड, म्हणजे समोरच्यांचा हुकून परतलेला चेंडू, हातात येताच बहुतेक उंच खेळाडू आधी खाली येतात, चेंडू छातीशी धरतात, मग बघतात. वॉल्टन हवेत असतानाच वळायचा. पाय जमिनीला लागायच्या आत किंवा लागता लागता चेंडू बाजूच्या गार्डकडे गेलेला असायचा, आणि समोरचा संघ मागे वळेपर्यंत फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) निम्म्या मैदानापर्यंत पोचलेला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने उशी घेऊन उडी मारू नये हे खरं, पण मारली. मुलांनी ती पुन्हा मारायला लावली. चव्वेचाळीस गुणांचा आकडा महिनोन्‌महिने सांगून जे पटलं नव्हतं ते त्या उशीने पटलं.

उत्तरार्धातल्या नकला पहिली काही मिनिटं झकास झाल्या. साध्या फ्री थ्रोला मानवी इतिहासातला महान क्षण ठरवणं वगैरे. मग त्या फसू लागल्या. कारण सगळ्यांना वॉल्टनचा सूर येत होता, मजकूर कुणाकडेच नव्हता. त्याच्या विषयांतरात माहिती असायची. ज्या गावात सामना त्या गावातली नदी, तिथला भूगोल, समोरच्या मुलाच्या शाळेचा प्रशिक्षक, हे सगळं तो वाचून यायचा. नक्कल करणाऱ्यांपैकी एकीने हे स्वतःच मान्य केलं आणि पाळी मधेच सोडली.

आवाज बंद करणारे हिशेबतपासनीस त्यांच्या पाळीला काय बोलणार याची सगळ्यांना उत्सुकता होती. त्यांनी स्कोअर सांगितला, कुणाचे किती फाऊल झाले ते सांगितलं, उरलेला वेळ सांगितला, आणि म्हणाले की मला समालोचकाकडून एवढंच हवं असतं, आजही वॉल्टन बोलत असता तर मी आवाज बंद केला असता. कोच हसले. वाद झाला नाही. तपासणी करणारा सभासद आला होता, मागे बसला होता, त्याने पाळी घेतली नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

परिणाम

जमलेले पैसे संस्थेला पाठवले. रक्कम मोठी नव्हती. टी-शर्ट मात्र उरले, कारण मागणी सगळ्यांना विचारण्याआधी नोंदवली होती. त्यांचा खर्च धाकट्यांनी आपसात वाटून घेतला.

थोरल्यांपैकी दोघे आले नाहीत. एकाने उन्हाळ्यात गाव बदललं होतं, दुसऱ्यांची तब्येत तोवर बिघडली होती. जूनमध्ये काही केलं असतं तर दोघेही असते. सहा महिन्यांच्या उशिराची खरी किंमत ही होती.

आवाज बंद करून समालोचन करण्याची रीत गटात टिकली. दर सामन्याला नाही, पण सामना एकतर्फी झाला की कुणीतरी रिमोट उचलतं.

काय वेगळं करता आलं असतं

बैठक लगेच व्हायला हवी होती, कार्यक्रम भले नंतर झाला असता. थोरल्यांचं बोलणं जूनमध्येच ध्वनिमुद्रित करता आलं असतं. त्याला ना सभागृह लागतं ना कुणाची परवानगी, फक्त बोलणाऱ्याची. नाव यादीत घालण्याआधी विचारायचं, हे तर सांगायलाही नको, पण चांगल्या हेतूच्या भरात हेच आधी विसरतं.

सगळ्यात मोठी चूक मला नंतर कळली, भांडी आवरताना. गटातल्या एक आजी १९७२ मध्ये यूसीएलएच्या विद्यार्थिनी होत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हिएतनाम युद्धाविरोधात आवारात निदर्शनं झाली आणि वॉल्टनला अटक झाली, तेव्हा त्या तिथेच होत्या. त्यांच्या आठवणीतला वॉल्टन कोचच्या वॉल्टनसारखा वुडन यांचा आज्ञाधारक शिष्य नव्हता आणि धाकट्यांचा गमतीशीर म्हाताराही नव्हता. तो चिडलेला विद्यार्थी होता. तीन महिने आम्ही खेळाडू की समालोचक यावर भांडत होतो, आणि या सगळ्या काळात आजींना विचारलेला एकमेव प्रश्न होता: चिप्सबरोबर काय आणाल?

त्यांचं बोलणं आता ध्वनिमुद्रित करायचं ठरलं आहे. त्यांनी अट घातली आहे की कोच समोर बसलेले असावेत, कारण वुडन यांनी वॉल्टनला केस कापायला लावले त्या प्रसंगाबद्दल दोघांचं अजिबात पटत नाही.